झाडांची छाटणी करा, खांडोळी करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या पेपरात आधी एक बातमी येते, पावसाळापूर्व वृक्षछाटणीला वेग, आणि मग जून-जुलैत दुसरी येते, झाड कोसळून रिक्षाचा चुराडा, नाहीतर झाड पडून पादचारी जखमी. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या पानांवर येतात त्यामुळे पहिलीचा दुसरीशी काय संबंध हे कुणी विचारत नाही. मला आज नेमकं तेच विचारायचंय. झाड वाऱ्याने पडलं असं म्हणून आपण मोकळे होतो, पण तोच वारा शेजारच्या झाडालाही लागलेला असतो की, ते उभं राहतं आणि हे पडतं, कारण ह्याच्या फांद्या काही वर्षांपूर्वी कुणीतरी वाट्टेल तशा तोडलेल्या असतात, नाहीतर केबलच्या चरात ह्याची एका बाजूची मुळं गेलेली असतात, नाहीतर बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवून ह्याचा श्वास कोंडलेला असतो. छाटणी हे शिकून करायचं काम आहे आणि आपण ते ज्याच्या हातात कोयता आणि दारात टेम्पो आहे त्याला देऊन टाकतो. तक्रार एवढीच आहे, पण ती मला जरा सविस्तर मांडू द्या.

मी ठाण्यात राहते, माहेर निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. आमच्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबर छाटणी जवळ आली की कुठल्या टोळीचा हात चांगला, काडी किती जाड झालीय, कितव्या डोळ्यावर, म्हणजे काडीवरच्या कितव्या कोंबावर, कात्री लावायची ह्यावर घरातली मोठी माणसं रात्री उशिरापर्यंत बोलत बसायची. नवख्या मजुराला कुणी पहिल्याच दिवशी वेलीला हात लावू देत नाही, तो आधी जुन्या माणसामागे ओळीने फिरतो, बघतो, मग कात्री धरतो, कारण कात्री चुकली तर वर्षाचं पीक हातचं जातं. हे ज्ञान आपल्या राज्यात नाशिकपासून सांगलीपर्यंत गावोगावी आहे, डाळिंबवाल्यांकडे आहे, आंबेवाल्यांकडे आहे. आणि त्याच राज्यात शहरातलं चाळीस-पन्नास वर्षांचं झाड, जे पडलं तर माणूस मरू शकतो, ते कापायला काहीही शिकलेलं असायची गरज नाही, हे मला अजिबात पटत नाही.

आमच्या गल्लीतल्या गुलमोहराचं जे झालं ते सांगते म्हणजे मुद्दा लक्षात येईल. मे महिना, झाड लालभडक फुललेलं, सकाळी टेम्पो आला. एक मुलगा पायात स्लिपर घालून वर चढला, कमरेला दोर नाही, डोक्यावर हेल्मेट नाही, एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने कोयता. खाली रस्ता चालूच, ना दोरी बांधलेली ना कुणी माणूस उभा केलेला, स्कूटरवाले फांद्यांखालून वाट काढत जातायत आणि वॉचमन ओरडतोय. मांडीएवढी जाड फांदी त्याने वरून अर्धी तोडली आणि ती स्वतःच्या वजनाने कडाकड मोडली, मोडताना खालची साल सोलत सोलत पार खोडावर उतरली, माणूसभर उंचीचा पट्टा उघडा पडला, आतलं पांढरं लाकूड दिसत होतं आणि ओलं होतं. दुपारपर्यंत झाडाला तीन थोटे खुंट उरले. मुकादमाला विचारलं, अहो दादा हे काय केलंत, तर म्हणाला ताई वरून सांगितलंय, उंची कमी करायची म्हणजे पडणार नाही. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि त्याला सांगणाऱ्यालाही तसंच वाटत असणार.

उंची कमी केली की झाड सुरक्षित होतं हा समज घरोघरी आहे म्हणून त्याबद्दल जरा थांबून लिहिते. झाडाचा सगळा पाला एकदम काढला की ते घाबरून अंगावरच्या झोपलेल्या डोळ्यांतून शेकडो धुमारे सोडतं, आपण म्हणतो बघा किती छान फुटलं. पण साधी फांदी लहानपणापासून खोडाबरोबर वाढते, दरवर्षी खोडाचं लाकूड तिच्या मुळाशी थरावर थर चढवतं म्हणून ती घट्ट बसते. हे धुमारे मात्र सालीजवळून फुटलेले असतात, त्यांचं बूड वरवर चिकटलेलं असतं, आणि ज्या खुंटातून ते आले तो खुंट आतून कुजायला लागलेला असतो. चार-पाच वर्षांत ते मनगटाएवढे, मांडीएवढे होतात, वर भरपूर पाला, खाली कुजका आधार, आणि एखाद्या जुलैत वारा आला की सगळा झुबका निखळून खाली येतो. म्हणजे ज्या भीतीने उंची कमी केली ती भीती आपणच खरी करून घेतो. मग पालिकेला अर्ज जातो की झाड धोकादायक आहे, तोडा, आणि एक चांगलं झाड असं हप्त्याहप्त्याने संपतं.

झाडाच्या जखमेचं शास्त्र काही गुपित नाहीये. अमेरिकेच्या वनखात्यात ॲलेक्स शायगो नावाचे शास्त्रज्ञ होते, २००६ साली गेले. त्यांच्या आधीचे लोक खोड आडवं कापून कूज बघायचे, ह्यांनी चेन सॉ घेऊन हजारो खोडं उभी चिरली आणि कूज आत कशी वरखाली पसरते ते पाहिलं. १९७७ साली त्यांनी मांडलं की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही, झाड त्या भागाभोवती आतून भिंती घालतं, कूज तिथेच अडवून धरतं आणि बाहेरून नवीन लाकूड चढवत राहतं. ही भिंत सगळ्यात भक्कम कुठे असते तर फांदी जिथे खोडाला मिळते तिथे जी फुगीर वळी दिसते, जिला कॉलर म्हणतात, तिथे. कॉलर शाबूत ठेवून तिच्या जरा बाहेर कापलं तर झाड जखम गोल बंद करत आणतं. खोडाला चिकटून सपाट कापलं तर भिंतच कापली गेली, आणि हातभर खुंट ठेवून कापलं तर तो खुंट वाळतो, कुजतो आणि कूज आत घेऊन जातो. तुमच्या रस्त्यावरची झाडं आज संध्याकाळी जाताना बघा, हे दोनच प्रकार दिसतील. कापलेल्या जागी डांबर किंवा ऑइलपेंट फासायचीही आपल्याकडे हौस आहे, त्याने कूज थांबत नाही हेही शायगोंनी दाखवून दिलंय. (बागेत मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात ती ठरावीक बुरशीसाठी, ते वेगळं प्रकरण आहे, त्यावरून शहरातल्या वडापिंपळाला रंग लावायचं कारण नाही.)

मोठी फांदी उतरवायची रीतही अवघड नाही, तीन काप घ्यायचे. पहिला खालच्या बाजूने, खोडापासून फूट-दीड फूट लांब, साधारण पाव जाडीपर्यंत. दुसरा वरून, पहिल्याच्या थोडा आणखी बाहेर, फांदी इथे तुटते आणि साल सोलत नाही कारण खालचा काप तिला अडवतो. मग उरलेला हलका खुंट कॉलरच्या बाहेर तिसऱ्या कापाने काढायचा. खाली गाड्या किंवा पत्रे असतील तर फांदीला आधी दोर बांधून तो वरच्या मजबूत फांदीवरून घेऊन हळूहळू सोडायची. आमच्या गुलमोहराला एवढं केलं असतं तर अर्धा तास जास्त लागला असता.

आणि किती कापायचं ह्यालाही काही मर्यादा आहे की नाही. जाणकार सांगतात एका वर्षात पाव हिश्शापेक्षा जास्त पाला काढू नये, म्हाताऱ्या झाडाचा तर त्याहून कमी. पाला हे झाडाचं स्वयंपाकघर, ते बंद केलं तर मुळं उपाशी राहतात आणि मुळं सुकली तर झाड उभं कशावर राहणार. आधी वाळलेल्या, मोडक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढायच्या, मग वजन कमी करायचंच असेल तर लांब गेलेली फांदी तिच्याच एखाद्या बऱ्यापैकी जाड पोटफांदीपर्यंत मागे आणायची, कमीत कमी एक तृतीयांश जाडीची तरी ती असावी म्हणजे पुढचा भार ती घेऊ शकते. आपल्याकडे नेमकं उलटं करतात, आतला सगळा पाला साफ करतात कारण तिथे हात पोचतो आणि टोकाला झुबके ठेवतात, मग सगळं वजन टोकाला जातं आणि वाऱ्यात फांदी जास्त हिसके खाते. तारांसाठी, होर्डिंग दिसावं म्हणून, नाहीतर एखाद्याच्या गॅलरीतून व्ह्यू मिळावा म्हणून एकाच बाजूने झाड सोलतात तेही तसंच, दुसऱ्या बाजूचं सगळं ओझं मग मुळांवर.

मुळांबद्दल तर कुणी बोलतच नाही कारण ती दिसत नाहीत. बहुतेकांना वाटतं मूळ खाली खोल जातं, प्रत्यक्षात बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर लांबवर पसरतात. म्हणजे बुंध्यापासून चार फुटांवर ड्रेनेजचा, गॅसचा, इंटरनेटचा चर जेसीबीने मारला की एका बाजूची मुळं गेली. झाड त्या वर्षी हिरवंच दिसतं, पुढच्या वर्षीही दिसतं, आणि मग तिसऱ्या-चौथ्या पावसात जमीन भिजून मऊ झाली की मुळासकट आडवं होतं, तोपर्यंत चर मारणारा कॉन्ट्रॅक्टर कुठल्या कुठे गेलेला असतो. काँक्रीटचे रस्ते आणि फुटपाथ तर बुंध्याला गळ्यापर्यंत आवळून टाकतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांच्या भोवती एक मीटर जागा मोकळी करायला सांगितली होती, आपल्या शहरांत किती झाडांना तेवढी माती दिसते ते ज्याने त्याने आपल्या रस्त्यावर बघावं. त्यावर आणखी खिळे, केबलच्या गुंडाळ्या, लाइटच्या माळा. पुण्यात 'आंघोळीची गोळी' नावाच्या गटातल्या मुलांनी झाडांचे खिळे काढायची मोहीम काढली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, कुणीतरी झाडाच्या जवळ जाऊन बघतंय म्हणून.

काही झाडं मुळात इथे लावायलाच नको होती असंही लोक म्हणतात, गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष म्हणजे विलायती शिरीष अमेरिकेकडचा, त्यांची मुळं उथळ, लाकूड ठिसूळ. त्यात तथ्य आहे, नवीन लावताना वड, कडुनिंब, करंज, ताम्हण, बकुळ असं काही जागा बघून लावावंच. पण जी लावून मोठी झालीयत ती आपल्या गळ्यात आहेत, त्यांना जास्त काळजीने सांभाळायला लागणार, ठिसूळ आहे म्हणून जास्त तोडा हा काही उपाय नाही. मुंबईत पर्जन्यवृक्षांना मिलीबग ही कीड लागून कितीतरी झाडं उभ्या उभ्या वाळली, तेव्हाही औषधपाण्याचं कुणाला वेळेवर सुचलं नाही.

वेळेचंही तसंच. सगळ्या शहराची छाटणी एप्रिल-मेमध्ये उरकायची ठरलेली, कारण पाऊस यायच्या आत टेंडर संपवायचं. तेव्हाच गुलमोहर आणि सोनमोहर फुललेले असतात आणि तेव्हाच कावळ्यांची घरटी बांधून झालेली असतात, पाऊस पडला की मोठ्या झाडांवर बगळ्यांच्या वसाहती बसतात. फांदीबरोबर पिल्लं खाली आलेली बघणं फार वाईट असतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांची अंडी-घरटी मोडणं हा गुन्हा आहे, पण टेम्पो घेऊन येणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. वाळक्या आणि मोडक्या फांद्या कधीही काढता येतात, त्याला मे महिन्याची वाट का बघायची? वर्षभर थोडं थोडं काम चालू ठेवलं, वॉर्डावॉर्डातून माणूस फिरत राहिला, तर मे महिन्यात एवढी कत्तल करायची वेळच येणार नाही.

आता धोकादायक झाडांबद्दल. मी झाड वाचवा म्हणते म्हणजे कुठलंच झाड तोडू नका असं अजिबात नाही. २०१७ च्या जुलैत चेंबूरला सकाळी चालायला निघालेल्या एका बाईंच्या अंगावर नारळाचं झाड पडलं आणि त्या गेल्या, त्या झाडाबद्दल आधी तक्रार झाली होती आणि पाहणीत ते ठीक ठरलं होतं अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या, त्याचा व्हिडिओही सगळीकडे फिरला. मी तो एकदा पाहिला, पुन्हा बघवला नाही. म्हणून म्हणते की पाहणी ही रस्त्यावरून मान वर करून करायची गोष्ट नाही. बुंध्याशी, मुळांवर बुरशीच्या टणक तपकिरी छत्र्या आल्यात का, त्या आतल्या कुजीची खूण असते. खोडावर लाकडी हातोडीने ठोकून बघितलं तर पोकळ जागा वेगळी वाजते. दोन खोडांच्या बेचक्यात साल आत दबलीय का, ताजी भेग आहे का, झाड आधीपासून कललेलं आहे की यंदा कललंय, कललेल्या बाजूच्या विरुद्ध माती उचललीय का, शेंड्याकडून वाळत चाललंय का. नारळाचा तर शेंडा हाच एकमेव कोंब, तो वाळला की झाड संपलं, आणि खोडाला बुडाशी भोक किंवा लाल-तपकिरी पाझर दिसला तर बघायला उशीर करू नये. खोडाची आतली अवस्था ध्वनिलहरींनी मोजायची यंत्रं आहेत, बारीक सुईने लाकडाचा कठीणपणा तपासायची आहेत. प्रत्येक झाडाला ती लागत नाहीत, पण शाळेसमोरच्या, हॉस्पिटलच्या गेटवरच्या, बसस्टॉपवरच्या मोठ्या झाडाला लावायला काय हरकत आहे.

पोकळी आहे म्हणजे झाड पडणारच असंही नाही हे सोसायटीवाल्यांनी लक्षात घ्यावं. ढोली असलेली जुनी झाडं वर्षानुवर्षं उभी असतात कारण बाहेरचं भक्कम लाकूड पुरेसं जाड असतं. किती जाड म्हणजे पुरेसं, हे सांगायला जाणकार लागतो. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून मत घेणं ह्याला पाहणी म्हणत नाहीत.

आणि तोडायचंच ठरलं तर तेही रीतीने तोडा हो. शहरात पूर्ण झाड एकदम आडवं पाडायला जागाच नसते, ते वरून तुकड्यातुकड्याने उतरवावं लागतं, प्रत्येक तुकडा दोराने सोडत. मोकळ्या जागेत पाडायचं असेल तर ज्या बाजूला पाडायचं तिकडे आधी मोठी खाच, मग मागून काप, आणि दोन्हींच्या मध्ये खोडाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी लाकडाची पट्टी तशीच ठेवायची, ती बिजागरीचं काम करते आणि झाड ठरल्या दिशेला बसतं. ती पट्टी पूर्ण कापली की झाड कुठेही जाईल. कललेलं खोड मागून घाईने कापलं तर ते उभं चिरत वर उडतं, कापणाऱ्याच्या छातीवर. कापणाऱ्याने पळायची वाट आधी साफ करून ठेवायची, पडणाऱ्या दिशेच्या उलट तिरक्या बाजूला. शिडीवर उभं राहून चेन सॉ चालवणं म्हणजे मरण ओढवून घेणं आहे, पण हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि तुम्हीही बघितलं असेल.

वादळानंतर पडलेली झाडं तर त्याहून धोक्याची, लोकांना वाटतं पडलंच आहे आता काय होणार. ३ जून २०२० ला अलिबागजवळ निसर्ग वादळ आलं आणि १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईजवळच्या समुद्रातून गेलं, ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारे होते, दोन्ही वेळा कोकणात आणि शहरात झाडांचा खच पडला आणि सोसायटीतली हौशी मंडळी कुऱ्हाडी घेऊन रस्ता मोकळा करायला धावली. हेतू चांगला, पण पडलेल्या झाडाच्या फांद्या दाबल्या गेलेल्या असतात, चुकीच्या जागी काप बसला की सुटून तोंडावर येतात, आणि उपटलेला बुंधा खोड कापल्याबरोबर परत खड्ड्यात उभा राहतो, त्या खड्ड्यात पोरं उतरून उभी होती. एखादी वायर आत अडकली असेल तर ती जिवंत आहे असंच धरायचं, वीज कंपनीच्या माणसाने बंद केलीय म्हणून सांगेपर्यंत हातच लावायचा नाही.

ह्या सगळ्यात मला सर्वात जास्त वाटतं ते वर चढणाऱ्या मुलाबद्दल. त्याला रोजंदारी मिळते, दोर मिळत नाही. पडला तर विमा नाही, आणि कॉन्ट्रॅक्टरचा फोन बंद. आपल्याकडे चढण्याचं कसब नाही असं अजिबात नाही, तळकोकणातला पाडेली बघा, माडावर किती सफाईने चढतो. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये केरळात नारळावर चढणाऱ्यांसाठी प्रशिक्षण सुरू केलं, चढायचं यंत्र दिलं, विमा काढला, त्यातून कितीतरी तरुणांना आणि बायकांनाही काम मिळालं. मग शहरातल्या झाडांसाठी असं का नाही करता येणार? आयटीआयमध्ये एक कोर्स काढा, कृषी विद्यापीठांना बोलवा, गिर्यारोहणवाल्या संस्थांना दोराचं काम शिकवायला सांगा, सह्याद्रीत दोर लावणारी इतकी पोरं आहेत आपल्याकडे. परदेशात ह्या कामाची परीक्षा देऊन सर्टिफिकेट घेतात, हे काम करणाऱ्यांची जागतिक संघटना १९२४ सालापासून आहे, आपल्याकडे मात्र झाडकापू हा शब्द उच्चारला की लोक वखारीकडे बोट दाखवतात.

वखारीवरून आठवलं, सोसायट्यांनी एक गोष्ट कृपा करून बंद करावी. फुकटात कापून देतो, लाकूड मी नेतो, असं म्हणणाऱ्याला काम द्यायचं नाही. ज्याची कमाई लाकडावर आहे तो बारीक वाळक्या फांद्या कशाला काढेल, तो जाड फांदीलाच हात घालणार. आमच्या कमिटीत तीन कोटेशन आली तेव्हा सगळे सगळ्यात स्वस्त असलेल्याकडे झुकले होते, मी हट्टाने प्रत्येकाला विचारलं की तुमच्या माणसांचा विमा आहे का, काप कुठे घेणार, दोर आणि हेल्मेट आहे का. एकालाच उत्तरं देता आली, काम त्याला दिलं, पैसे जास्त गेले, पण आमची जांभळं आणि तो मोठा शिरीष आज बघण्यासारखे आहेत.

कायद्याचं म्हणाल तर तो आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ पासून आहे आणि त्यात तोडणे म्हणजे नुसतं बुंध्यातून कापणं नाही, झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणंही त्यात येतं. स्वतःच्या कंपाउंडमधल्या झाडालाही परवानगी लागते हे अजून कितीतरी जणांना माहीत नसतं. दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायची हेही त्यातच आहे, मुंबईत २०१८ च्या गणनेत जवळपास २९ लाख ७५ हजार झाडं निघाली. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरची झाडं वारसा वृक्ष ठरली आणि जेवढं झाडाचं वय तेवढी नवीन झाडं लावायची अट आली. हे सगळं झाड तोडण्याबद्दल झालं, पण झाड छाटताना काप कुठे घ्यायचा, पाला किती काढायचा, वर चढणारा माणूस काय शिकलेला असावा, हे टेंडरमध्येच लिहिलेलं असायला हवं आणि काम झाल्यावर कुणीतरी झाडाखाली उभं राहून तपासायला हवं, तसं नसेल तर बिल अडवायला हवं. इतकी झाडं मोजता येतात तर प्रत्येक मोठ्या झाडाच्या नोंदीपुढे शेवटची छाटणी कधी, कुणी केली, पाहणीत काय दिसलं एवढं लिहायला काय जड जातंय? आणि रस्ता खणायची परवानगी देणाऱ्या खात्याने उद्यान खात्याची सही घेतल्याशिवाय झाडाजवळ जेसीबी सोडू नये, मोठ्या मुळांपाशी हाताने खणावं, पाइप मुळांच्या खालून ढकलता येतो तिथे ढकलावा.

आपल्याला एक विनंती आहे. पुढच्या वेळी झाड पडल्याची बातमी द्याल तेव्हा बातमीदाराला झाड उचलून नेण्याआधी जागेवर पाठवा, उपटलेल्या मुळांचा जवळून फोटो काढायला सांगा, कापलेली मुळं टोकाला सपाट दिसतात, ती ओळखायला शास्त्रज्ञ लागत नाही. खोडावरचे जुने काप बघायला सांगा. आणि वॉर्ड ऑफिसला विचारा की ह्या झाडाची शेवटची छाटणी कधी झाली, कुणी केली, गेल्या पाच वर्षांत इथे कुणाला खणायची परवानगी दिली होती, ह्या झाडाबद्दल कुणाचा अर्ज आला होता का आणि त्याचं काय झालं. उत्तर आलं तर ते छापा, नोंद नाही असं उत्तर आलं तर तेही छापा.

कळावे,
आपली,
एक नियमित वाचक, ठाणे